सायबर ग्रीनमध्ये अर्क प्रभावी, पण काचपट्टीवर परजीवी ठणठणीत. खरे काय मानायचे?

रानमोगरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

तीन वनस्पतींचे मिथेनॉल अर्क हिवतापाच्या परजीवीवर तपासायचे काम चालू आहे: सातविणीची साल, दारुहळदीचे खोड आणि सागरगोट्याच्या बिया. तिन्ही आपल्याकडे तापावर देतात, म्हणून निवडल्या. परजीवी प्लाझमोडियम फाल्सिपॅरम, ३डी७ स्ट्रेन (प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण). आरपीएमआय १६४० या माध्यमात ०.५ टक्के अल्बुमॅक्स (सीरमऐवजीचे पोषण), ओ पॉझिटिव्ह रक्त, हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचे प्रमाण) २ टक्के, सुरुवातीचा पॅरासायटेमिया (बाधित पेशींचे प्रमाण) १ टक्का, ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, ७२ तास, शेवटी सायबर ग्रीन हे डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य घालून वाचन. अर्क आणि तुलनेसाठीचे ज्ञात औषध क्लोरोक्विन, दोन्हींचे स्टॉक (दाट मूळ द्रावणे) डीएमएसओ या विद्रावकात केले आहेत.

आकड्यांचा मेळ बसत नाही. सातविणीचा आयसी५० (परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) मिलिलिटरला २२ मायक्रोग्रॅम येतो, पण ५० मायक्रोग्रॅमच्या वेलमधून जिम्सा स्मिअर (काचपट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर) केला तर ट्रोफोझॉइट (वाढत्या अवस्थेतले परजीवी) व्यवस्थित दिसतात. दारुहळदीचा वक्र बसतच नाही: कमी मात्रेला रोध (वाढीला अडथळा) दिसतो आणि मात्रा वाढवली की तो उलट घटतो. सागरगोट्याच्या ५० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या वेलमध्ये वरचा द्रव लालसर होतो. क्लोरोक्विनचा आयसी५० एका प्लेटवर १८ नॅनोमोलर, तर दुसरीवर ९०.

यातले काय ग्राह्य धरायचे, आणि पुढे फ्रॅक्शनेशनला (अर्काचे घटक वेगळे करायला) कोणता अर्क न्यायचा?

---

कल्चरहूड

आधी क्लोरोक्विन, कारण ते जाग्यावर नसेल तर प्लेटवरचे बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. क्लोरोक्विन डायफॉस्फेट पाण्यात सहज विरघळते, डीएमएसओत जवळजवळ नाही. डीएमएसओत केलेल्या स्टॉकमध्ये खाली बारीक साका राहतो, आणि पिपेटमध्ये दर वेळी वेगळे प्रमाण येते. रेणुभार ५१५.९, म्हणजे १० मिलिमोलर स्टॉकसाठी मिलिलिटरला ५.१६ मिलिग्रॅम, निर्जंतुक पाण्यात. ०.२ मायक्रॉनमधून गाळा, छोट्या भागांत वाटून उणे २० ला, प्रकाशापासून दूर ठेवा. ३डी७ वर साधारण १० ते ३० नॅनोमोलर यायला हवे. सोबत आर्टेमिसिनिन किंवा डायहायड्रोआर्टेमिसिनिन हे तुलनेचे दुसरे औषध ठेवा, तेही नॅनोमोलरमध्येच यायला हवे. ते मात्र डीएमएसओतच करायचे.

आता सायबर ग्रीन. ही पद्धत परजीवी जिवंत आहे की मेला हे सांगत नाही, वेलमध्ये डीएनए किती आहे तेवढेच सांगते. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे जो डीएनए सापडतो तो परजीवीचा, एवढ्या गृहीतकावर ती उभी आहे. आणि यात धुण्याची पायरी नाही. १०० मायक्रोलिटर कल्चरवर १०० मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारे द्रावण) घातला की तुमचा अर्क शेवटपर्यंत त्याच वेलमध्ये असतो. तो रंगीत असेल तर प्रकाश खातो, स्वतः चमकणारा असेल तर भर घालतो, डीएनएला चिकटणारा असेल तर रंगद्रव्याची जागा घेतो.

दारुहळदीत बर्बेरीन आहे. ते पिवळे आहे, डीएनएला चिकटते आणि चिकटल्यावर हिरवट-पिवळे चमकते. जास्त मात्रेला वेल पुन्हा उजळतात ते यामुळे. तो वक्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा प्रयत्न करू नका.

प्रत्येक अर्कासाठी दोन नियंत्रणे लावा:

पहिले, परजीवी नसलेल्या २ टक्के तांबड्या पेशी आणि अर्क, प्रत्येक मात्रेला. अर्काची स्वतःची चमक यातून कळते.

दुसरे बहुतेक जण लावतच नाहीत, आणि खरे उत्तर तेच देते. औषध न घातलेले, चांगले वाढलेले कल्चर ७२ तासांनी घ्या. त्यात अर्क घाला आणि लगेच लायसिस बफर घाला. परजीवीला मरायला वेळच मिळालेला नाही. तरीही वाचन खाली आले तर जितके खाली आले तितका तुमचा 'रोध' हा रंगाचा खेळ आहे. सातविणीत असेच काही निघेल असे वाटते, सालीचे अर्क गडद असतात.

रोध काढताना वजाबाकी नीट करा: नमुन्याच्या वाचनातून 'त्याच मात्रेचा अर्क आणि निरोगी पेशी' हे वाचन वजा, भागिले डीएमएसओ घातलेल्या कल्चरचे वाचन वजा निरोगी पेशींचे वाचन. हा भाग गुणिले १००, आणि तो १०० मधून वजा.

बफरचे प्रमाण पडताळून बघा: ट्रिस २० मिलिमोलर, पीएच ७.५, ईडीटीए ५ मिलिमोलर, सॅपोनिन ०.००८ टक्के, ट्रायटन एक्स-१०० ०.०८ टक्के. १०,००० पट सायबर ग्रीन दर मिलिलिटरला ०.२ मायक्रोलिटर, आयत्या वेळी घालायचे. अंधारात एक तास, मग ४८५ वर उद्दीपन आणि ५३० ला वाचन. हिमॅटोक्रिट २ टक्क्यांच्या वर नेऊ नका, हिमोग्लोबिन चमक दाबते. रक्त धुताना वरचा पांढऱ्या पेशींचा थर पूर्ण काढा. त्यांना केंद्रक असते आणि पार्श्वभूमी फुकट वाढते.

आणखी एक. ७२ तासांसाठी १ टक्का सुरुवात जास्त होते. चांगल्या कल्चरमध्ये शेवटी डीएमएसओचे वेल उपासमारीने कोसळतात आणि सगळे अर्क आहेत त्यापेक्षा सौम्य दिसतात. ०.५ टक्के घ्या, आणि ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये ३७ अंशांना १० मिनिटे ठेवून रिंग (सर्वांत कोवळ्या, अंगठीसारख्या) अवस्थेवर समकालिक, म्हणजे एकाच वयाचे, केलेले घ्या. कडेचे वेल वाळतात, तिथे नुसते माध्यम भरा आणि आतले ६० वापरा. शून्य तासाची एक प्लेट गोठवून ठेवा, म्हणजे 'वाढ थांबली' आणि 'डीएनए सुरुवातीपेक्षाही कमी झाला' यांतला फरक कळेल. झेड-प्राइम (प्लेटच्या विश्वासार्हतेचा आकडा) ०.५ च्या खाली गेला तर ती प्लेट बाद.

डीएमएसओचे गणित: स्टॉक मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. माध्यमात १०० पट सौम्य केला की २०० मायक्रोग्रॅम आणि १ टक्का डीएमएसओ. यातले ५० मायक्रोलिटर आणि ४ टक्के हिमॅटोक्रिटचे कल्चर ५० मायक्रोलिटर मिळून वेलमध्ये १०० मायक्रोग्रॅम आणि ०.५ टक्के डीएमएसओ. पुढची निम्मी-निम्मी सौम्यीकरणे १ टक्का डीएमएसओ असलेल्याच माध्यमात करा, नाहीतर मात्रेबरोबर डीएमएसओही उतरत जातो. आणि कल्चर घालण्यापूर्वी वरच्या दोन मात्रांचे वेल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मिथेनॉल अर्कातले मेणकट घटक पाण्यात आले की साक्याच्या रूपात बाहेर पडतात. मग १०० लिहिलेल्या वेलमध्ये विरघळलेले १०० नसतेच.

---

शोणितबिंदू

लालसर द्रव म्हणजे पेशी फुटल्या. सागरगोट्याच्या अर्कात परजीवी मेला असेलही, पण घरच मोडल्यावर भाडेकरू गेला हे औषध नव्हे. वनस्पतींच्या बियांमध्ये सॅपोनिन पुष्कळदा असते आणि ते तांबड्या पेशीचे आवरण फोडते. तुमच्या लायसिस बफरमध्ये त्याच कामासाठी सॅपोनिन आहे हे लक्षात घ्या.

चाचणी साधी आहे. निरोगी पेशी २ टक्के, प्लेटमधल्याच माध्यमात, अर्काच्या सगळ्या मात्रा, ३७ अंश, प्लेटइतकाच वेळ. मग फिरवून वरच्या द्रवाचे ५४० नॅनोमीटरला वाचन. १ टक्का ट्रायटन म्हणजे १०० टक्के फुटणे, नुसता डीएमएसओ म्हणजे शून्य. अर्काच्या स्वतःच्या रंगासाठी पेशी नसलेले वेल वजा करा. ज्या मात्रेला ५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशी फुटतात ती आणि तिच्या वरच्या मात्रा आयसी५० च्या गणनेतून काढा. उरलेल्या मात्रांत रोध दिसला तरच अर्काला अर्थ आहे.

पेशी न फोडताही फसवणूक होते, आणि ती पकडणे जास्त अवघड. ल्युपिओलसारखी ट्रायटर्पीन गटातली वनस्पतिजन्य द्रव्ये तांबड्या पेशीच्या आवरणात शिरतात, पेशीचा आकार वाटीसारखा होतो आणि परजीवीला तिथे नीट राहता येत नाही. परजीवीवर थेट परिणाम काहीच नाही. अशी द्रव्ये झाडांच्या सालींत सर्रास असतात, म्हणून सातविणीसाठी हे जरूर करा: निरोगी पेशी अर्कात २४ तास ठेवा, तीनदा धुवा, मग त्यात परिपक्व शायझोंट (फुटून नवे परजीवी सोडण्याच्या बेतातले) घाला आणि पुढच्या चक्रात रिंग मोजा. अर्क धुऊन टाकल्यावरही वाढ खुंटली तर परिणाम पेशीवरचा आहे. ओला स्मिअर बघितला तर आकारातला बदल डोळ्यांनाही दिसतो.

रक्ताबद्दल एक गोष्ट, विशेषतः विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम करणाऱ्यांसाठी. या भागांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत आणि वाहक व्यक्ती निरोगी असल्याने रक्तदान करू शकते. ५ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात वाहकाच्या पेशींमध्ये फाल्सिपॅरम नीट वाढत नाही. मेणबत्तीच्या बरणीत (आत मेणबत्ती विझेपर्यंत जाळलेल्या बंद भांड्यात) ऑक्सिजन जास्त उरतो, तिथे फरक कमी जाणवतो. पिशवी बदलल्यावर वाढ एकाएकी मंदावली तर माध्यमाला दोष देण्यापूर्वी त्या रक्ताची सिकलसेल ओळखणारी सोल्युबिलिटी चाचणी करा. दात्याने नुकतेच हिवतापाचे औषध किंवा डॉक्सीसायक्लिनसारखे प्रतिजैविक घेतलेले नसावे. एका प्रयोगाच्या सगळ्या प्लेट एकाच पिशवीतल्या रक्तावर करा.

---

अर्कशाळा

वरच्या दोघांनी प्लेटबद्दल सांगितले, मी प्लेटच्या आधीचे सांगतो.

मिथेनॉल सगळेच ओढून आणते, टॅनिनसुद्धा. टॅनिन प्रथिनांना चिकटते, त्यामुळे अल्बुमॅक्स, परजीवीची विकरे, पेशीचे आवरण, सगळ्यांवर थोडाथोडा परिणाम करते आणि जवळपास प्रत्येक चाचणीत 'प्रभावी' ठरते. फेरिक क्लोराइडने निळा-काळा किंवा हिरवा-काळा रंग आला तर अर्क पॉलिअमाइडच्या छोट्या स्तंभातून काढा आणि आधीचा व नंतरचा, दोन्ही तपासा. परिणाम स्तंभातच अडकला तर बहुधा तो टॅनिनचा होता.

काढण्याची रीत ठरवताना मूळ वापर कसा आहे ते विचारा. वैदूने काढा सांगितला आहे, हिम (थंड पाण्यात भिजवलेला) सांगितला आहे की स्वरस (ताजा पिळलेला रस)? तिन्हींत वेगवेगळी द्रव्ये उतरतात. आर्टेमिसिनिनचे उदाहरण इथे नुसते अभिमानाने सांगण्यापुरते नाही, कामाचे आहे. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या '५२३' या हिवतापाच्या औषधशोधाच्या प्रकल्पात चिंगहाओ (आर्टेमिसिनिन जिच्यातून मिळाले) या वनस्पतीच्या अर्कांचे निकाल एकसारखे येत नव्हते. तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथातली कृती वाचली. तीत मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले आहे, उकळायला नाही. त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरला, अर्कातला आम्लधर्मी भाग काढून टाकला आणि उदासीन भाग ठेवला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला परजीवी पूर्ण दाबला. त्यातला पेरॉक्साइडचा पूल हाच औषधाचा गाभा आहे, आणि उष्णतेने सक्रिय भाग नष्ट होत असावा हा तू यांचा अंदाज होता. म्हणून माझे सांगणे: सावलीत वाळवा, ४० अंशांच्या वर नेऊ नका, रोटरी बाष्पकावर पाण्याचे तापमान ४० ठेवा, आणि एकाच मालाचे किमान तीन अर्क करा: थंड ईथर किंवा डायक्लोरोमिथेन, मिथेनॉल, आणि पारंपरिक कृतीचा.

सातविणीबद्दल स्पष्टच सांगतो. तिच्या सालीची ख्याती जुनी आहे, पण तिच्यातले मुख्य अल्कलॉइड एकिटामीन फाल्सिपॅरमवर स्वतंत्रपणे तपासल्यावर निष्प्रभ ठरले आहे. ताप उतरणे आणि परजीवी मरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तापावर दिलेल्या औषधाने ताप उतरत असेल, रुग्णाला बरे वाटत असेल, म्हणून ते परजीवीनाशक असेलच असे नाही. निवड करताना नुसता 'ताप' नको. थंडी वाजून, एक दिवसाआड येणाऱ्या तापावर काय देतात हे विचारा.

आणि ज्या झाडाचा माल घेतला त्याची हर्बेरियम प्रत (वाळवलेला ओळखीचा नमुना) जमा करा, संच क्रमांकासह. बाजारातल्या दारुहळदीत दुसऱ्याच वेलींचे पिवळे खोड मिसळलेले असते. तुमच्या नमुन्यात बर्बेरिस (खरी दारुहळद) आहे की कोसिनियम (तशाच पिवळ्या खोडाची वेल), हे वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ठरवून घ्या. दोन्हींत बर्बेरीन असल्याने रसायनावरून फसगत होते. वैदूंकडून मिळालेल्या माहितीवर पेटंटचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम काम सुरू होण्याआधी वाचा.

---

रानमोगरा

मनापासून आभार. वरची नियंत्रणे लावली. सातविणीत लायसिसच्या क्षणी अर्क घातला तरी वाचन बरेच खाली येते, म्हणजे तो रोध मुख्यतः रंगाचाच. सागरगोटा: २५ मायक्रोग्रॅमपर्यंत पेशी शाबूत आणि त्या टप्प्यात रोध किरकोळ. दारुहळद मात्र स्मिअरवरही खरी ठरली: १० मायक्रोग्रॅमला रिंगच्या जागी काळे आकसलेले ठिपके, ट्रोफोझॉइट नाहीत.

सायबर ग्रीनऐवजी पीएलडीएच (परजीवीच्या एका विकराचे मोजमाप) वापरू का? आणि दारुहळद थेट उंदरांवर न्यावी का? मार्गदर्शकांचा तसा आग्रह आहे.

---

कल्चरहूड

पीएलडीएच चालेल, पण तिथेही वाचन ६५० नॅनोमीटरला असते आणि हरितद्रव्य साधारण तिथेच प्रकाश शोषते. खोडाच्या अर्काला अडचण नाही, पानांच्या अर्काला आहे. सरकीतल्या गॉसिपॉलसारखी द्रव्ये हे विकरच अडवतात, मग परजीवी जिवंत असूनही वाचन शून्याकडे जाते. म्हणून कोणतीही पद्धत घ्या, आयसी५० च्या आसपासच्या तीन मात्रांचे स्मिअर हवेतच. दोघांनी स्वतंत्र मोजावे, वेलचे नाव झाकून, आणि आकसलेले ठिपके जिवंतांत धरू नयेत.

४८ किंवा ७२ तासांत काही दिसले नाही म्हणून अर्क लगेच टाकूही नका. डॉक्सीसायक्लिनसारखी द्रव्ये परजीवीच्या अ‍ॅपिकोप्लास्ट या पेशीतल्या अंगकावर काम करतात. पहिले चक्र बिनबोभाट पार पडते आणि परजीवी दुसऱ्या चक्रात मरतो. शंका असेल तर ९६ तासांची एक प्लेट लावा.

---

पीटर्सचाचणी

उंदरांवर आताच नेऊ नका. कारणे क्रमाने देतो.

आधी निवडकता. हेपजी२ (माणसाच्या यकृताच्या) किंवा व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर अर्क तितकेच तास ठेवून सीसी५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) काढा. सीसी५० भागिले आयसी५० हा आकडा १० च्या वर हवा. दारुहळदीसाठी एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळे करतात ते रंगद्रव्य) वापरताना जपून, कारण पॉलिफिनॉल पेशींशिवायही एमटीटीला जांभळे करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. सल्फोरोडामीन बी (पेशींची प्रथिने रंगवणारी चाचणी) बरे. अर्कांसाठी प्रचलित निकष असा: ५ मायक्रोग्रॅमच्या खाली उत्तम, ५ ते १५ पाठपुराव्यायोग्य, ५० च्या वर सोडून द्या. शुद्ध द्रव्य १ मायक्रोमोलरच्या खाली हवे.

मग विचारा, हा परिणाम जुन्याच द्रव्याचा आहे का? पातळ थर पट्टीवर ३६६ नॅनोमीटरखाली बर्बेरीन झगझगीत पिवळे दिसते, एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ३३६ चा आयन देते. एचपीएलसीने अर्कातले प्रमाण मोजा आणि शुद्ध बर्बेरीन त्याच प्लेटवर चालवा. समजा अर्काचा आयसी५० २ मायक्रोग्रॅम आणि त्यात ५ टक्के बर्बेरीन आहे. म्हणजे वेलमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम, सुमारे ०.३ मायक्रोमोलर. शुद्ध बर्बेरीनचा आयसी५० त्याच घरात आला तर अर्कात दुसरे काही शोधण्यासारखे उरत नाही. आणि बर्बेरीन प्लेटमध्ये जोरदार असले तरी उंदरांत निष्प्रभ ठरलेले आहे, तोंडावाटे ते फारसे शोषलेच जात नाही. कडुनिंबाच्या गोत्रातल्या गेड्युनिनचीही तीच गत: प्लेटमध्ये छान, उंदरात शरीर ते झपाट्याने मोडून टाकते. तेव्हा बर्बेरीन वेगळे काढून उरलेल्या भागात काही परिणाम आहे का, ते आधी बघा. तो असेल तर काम पुढे न्या. नसेल तर प्राण्यांचा जीव घेण्याचे कारण नाही. हे मार्गदर्शकांना आकड्यांसह दाखवा, ते नाही म्हणणार नाहीत.

पुढे कधी चाचणी लावाल तेव्हा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि आधी तीव्र विषारीपणा तपासा. परजीवी प्लाझमोडियम बर्घाय (उंदरांवरच्या चाचणीतला), एनके६५ किंवा अंका वाण. स्विस उंदीर १८ ते २२ ग्रॅमचे, गटात किमान पाच. दात्या उंदराचा पॅरासायटेमिया २५ टक्के आणि रक्तात मिलिलिटरला ६ अब्ज तांबड्या पेशी असतील तर १.५ अब्ज बाधित पेशी होतात. तुम्हाला ०.२ मिलिलिटरमध्ये १ कोटी हव्यात, म्हणून सलाइनमध्ये ३० पट सौम्य करा आणि पोटात टोचा. पहिला डोस दोन ते चार तासांनी, नंतर २४, ४८ आणि ७२ तासांना. चौथ्या दिवशी शेपटीच्या रक्ताचा स्मिअर. एक गट नुसत्या वाहकाचा (अर्क ज्यात कालवतात त्या द्रवाचा), ०.५ टक्के सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) चालते. एक गट क्लोरोक्विनचा, किलोला १० मिलिग्रॅम.

रोज वजन घ्या आणि खाणे मोजा. अर्काने उंदीर खायचा थांबला तर उपासमारीनेच बर्घायची वाढ घटते, आणि विषारी अर्क कागदावर प्रभावी दिसतो. तसे झाल्याचा संशय आला तर वाहक गटातल्या काही उंदरांना तितकेच कमी खाणे देऊन एक जोडगट लावा.